गाय माजावर येत नाही? आधी गव्हाण पाहा

गाय व्यायली, दूधही बरे देते, पण चार महिने उलटले तरी माजावर येत नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. कोणी म्हणते गाय वांझ झाली, कोणी म्हणते पिशवीत दोष आहे. मग घरची गुणी गाय पडत्या भावाने बाजार दाखवते. तसे करण्यापूर्वी माज सुरू कोठून होतो, हे नीट समजून घ्या.

माजाची सुरुवात पिशवीत नव्हे, मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो थांबून थांबून एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सोडतो. ते खालच्या पियूषिका ग्रंथीला पोचले की ती आपली दोन संप्रेरके रक्तातून बीजांडकोशाकडे धाडते. त्यामुळे बीजांड वाढते, बीजांडकोशातून इस्ट्रोजेन पाझरते आणि गाय हंबरते, दुसऱ्या जनावरांवर उडते, काचेसारखा स्वच्छ सोट टाकते. धरणाचे दार उघडले, पाटकऱ्याने पाणी चारीला सोडले, की मग वाफा भिजतो. दारच बंद असेल तर वाफ्यात फावडे मारून काय उपयोग?

मेंदूतले हे संप्रेरक अमेरिकेत शॅली यांनी डुकरांच्या आणि गियमँ यांनी मेंढ्यांच्या असंख्य मेंदूंतून कणाकणाने वेगळे केले. १९७१ साली त्याची रचना उलगडली आणि १९७७ साली दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आज तेच औषध डॉक्टर इंजेक्शनातून देतात.

आता मुख्य गोष्ट. हे दार उघडण्यापूर्वी मेंदू शरीराची शिल्लक पाहतो. अंगावरची चरबी आणि रक्तातली साखर यांची खबर त्याला सतत पोचत असते. व्यायल्यावर दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र मागाहून वाढते. गाय अंगावरची चरबी जाळून बादली भरते. फासळ्या मोजता येऊ लागल्या की मेंदू ठरवतो, ‘या आईला आताच दुसरे वासरू झेपणार नाही.’ मग संप्रेरक मंदावते आणि माज लांबतो. वासरू सतत ओढत असले तरी असेच होते. म्हशीत दिवसाची लांबी आणि उन्हाची काहिली यांचाही परिणाम होतो. म्हणून उन्हाळ्यात तिचा माज मुका राहतो आणि दिवस लहान होऊ लागले की उघड दिसतो.

गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. वर्षाला एक वेत हवे तर व्यायल्यापासून ८५ दिवसांच्या आत ती फळली पाहिजे. त्याची तयारी विण्याआधीच करावी लागते. शेवटच्या दोन महिन्यांत गाय आटवा आणि खुराक हळूहळू वाढवा. व्यायल्यावर शरीरपोषणासाठी रोज १ ते १.५ किलो, शिवाय गायीला दर अडीच लिटर दुधामागे आणि म्हशीला दर २ लिटरमागे १ किलो खुराक द्या. नुसत्या कडब्यावर भागवू नका. हिरवा चारा, रोज सुमारे ५० ग्रॅम क्षार मिश्रण आणि मुबलक पाणी हवेच. जंताचे औषध वेळेवर पाजा.

कित्येकदा माज येतो, पण आपल्याला दिसत नाही. गायीचा माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो, तोही पुष्कळदा रात्री. म्हणून पहाटे आणि रात्री निजण्यापूर्वी गोठ्यात फेरी मारा. धार काढणाऱ्या माउलीच्या नजरेला तो लवकर कळतो, तिचे म्हणणे ऐका. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्या. गाय फिरली तर सुमारे २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

व्यायल्यावर ६० दिवसांत माज दिसला नाही तर पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. गाय आधीच गाभण असेल, पिशवीत पू असेल किंवा बीजांडकोशात अडथळा असेल. न तपासता माजाचे इंजेक्शन टोचू नका. काही इंजेक्शनांनी गाभण गाय गाभडते. इंजेक्शन योग्य जागी गुणकारी आहेच, पण उपाशी गायीला ते पैसे बहुधा वाया जातात.

तेव्हा बाजाराचा रस्ता धरण्याआधी गव्हाणीकडे एकवार पाहा. गाय वांझ नसेल, फक्त अर्धपोटी असेल.