आहारातील मीठ व प्रतिरक्षा

खाण्याचे मीठ म्हणजे मुख्यत्वे सोडियम क्लोराइड होय. त्यात वजनाने सु. ४०% सोडियम असते. शरीरातील द्रवांचे प्रमाण राखणे, तंत्रिका आवेगांचे वहन व स्नायूंचे आकुंचन यांसाठी सोडियम अत्यावश्यक आहे. अतिरिक्त मिठाने रक्तदाब वाढतो, हे सर्वश्रुत आहे [→ रक्तदाब]. प्रतिरक्षेवर (रोगकारकांचा प्रतिकार करण्याच्या क्षमतेवर) होणाऱ्या त्याच्या परिणामांचा अभ्यास मात्र बराच अलीकडचा असून त्यातील बहुतेक महत्त्वाचे निष्कर्ष २००९ नंतरचे आहेत.

खारवलेले मासे व लोणची टिकतात. कारण तीव्र लवण-विद्रावामुळे सूक्ष्मजंतूंच्या कोशिकांतील पाणी तर्षणाने (अर्धपार्य पटलातून होणाऱ्या विसरणाने) बाहेर खेचले जाते. यावरून खाल्लेले मीठही शरीरातील जंतूंना मारक ठरेल, अशी समजूत होणे साहजिक आहे. पण ती टिकणारी नाही. रक्तातील सोडियम दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद मर्यादेत राखले जाते आणि जादा मीठ वृक्क (मूत्रपिंड) मूत्रावाटे बाहेर टाकते.

याला एक अपवाद त्वचेचा. तेथे पाण्याच्या प्रमाणाबाहेर सोडियम साठू शकते व महाभक्षी कोशिकांना या साठ्याची जाणीव होऊन त्या लसीकावाहिन्यांची वाढ घडवून आणतात, असे २००९ मध्ये दिसून आले. जर्मनीतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जास्त मीठ दिलेल्या उंदरांच्या पायांवरील लेश्मानिया परजीवीचा संसर्ग अधिक चांगल्या रीतीने बरा झाला. तथापि मीठ सर्वत्रच प्रतिकारशक्ती वाढविते, असा अर्थ यातून काढणे घाईचे होते.

बॉन विद्यापीठातील क्रिस्टियान कुर्ट्‌स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये नेमके उलट चित्र दाखविले. अतिलवण आहारावरील उंदरांत ई. कोलाय जंतूंमुळे होणारा वृक्कशोथ बळावला. लिस्टेरिया जंतूंचा सर्वांगीण संसर्गही वाढला. याचे कारण रक्तातील सोडियम नव्हे. मीठ बाहेर टाकताना वृक्कात यूरिया साचतो व त्याने तेथील न्यूट्रोफिल श्वेत कोशिका दुबळ्या होतात. शिवाय अधिवृक्क ग्रंथीच्या ग्लुकोकॉर्टिकॉइड हॉर्मोनांचे प्रमाण वाढते. ही हॉर्मोने प्रतिरक्षा दडपतात, हे औषधी कॉर्टिसोनाच्या वापरावरून वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्या निरोगी स्वयंसेवकांनी आठवडाभर रोज ६ ग्रॅ. जादा मीठ घेतले, त्यांच्या न्यूट्रोफिलांची जंतुनाशक क्षमताही घटलेली आढळली.

प्रतिरक्षा तंत्र स्वतःच्याच ऊतकांवर हल्ला करते, अशा आत्मप्रतिरक्षा विकारांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शोथकारक अशा टीएच-१७ लसीका कोशिकांची निर्मिती मिठामुळे एसजीके-१ या एंझाइमाद्वारे वाढते व उंदरांतील मेंदू-मेरुरज्जूचा प्रायोगिक शोथ तीव्र होतो, असे २०१३ मध्ये दोन संशोधक गटांनी एकाच वेळी जाहीर केले. पुढे २०१७ मध्ये याचा काही भाग आतड्यातील लॅक्टोबॅसिलस जंतूंच्या ऱ्हासामुळे घडतो, असे आढळले. हे जंतू परत दिल्यावर उंदरांतील दुष्परिणाम सौम्य झाले. माणसातील पुरावा मात्र परस्परविरोधी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत जास्त मीठ व रोगाचे पुनरावर्तन यांचा संबंध अर्जेंटिनातील २०१५ च्या पाहणीत दिसला होता. मात्र चारशेहून अधिक रुग्णांच्या मूत्राची वारंवार तपासणी करणाऱ्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात तो आढळला नाही. उंदरांना प्रयोगात दिलेले मीठ माणसाच्या नित्याच्या आहाराच्या मानाने फार जास्त असते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. त्यामुळे या विकारांचे कारण म्हणून मिठाकडे बोट दाखविणे आज तरी समर्थनीय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅ. पेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरेल त्याहून थोडे कमी मीठ घ्यावे. ही मर्यादा प्रामुख्याने रक्तदाब व हृद्‌विकार यांच्या पुराव्यावर आधारलेली असून प्रतिरक्षेसंबंधीच्या निष्कर्षांवरून वेगळी मर्यादा ठरविण्यात आलेली नाही. लोणचे, पापड, फरसाण व पाव यांतील मीठही या हिशेबात धरावयाचे असते. मिठाचे प्रमाण कमी करताना आयोडीनयुक्त मीठच वापरणे इष्ट असते [→ गलगंड].