चट्टा कातडीवर, रोग नसांत

हेमलकसा म्हटलं की बहुतेकांना प्रकाश आमट्यांच्या अंगाशी लगट करणारे बिबटे आठवतात, फार तर झाडाखाली सुरू झालेला दवाखाना. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी इथेच, भामरागडच्या जंगलात, माडिया आदिवासींच्या मुलखात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यामागे वरोऱ्याच्या आनंदवनाची दोन दशकं होती, आणि आनंदवनाच्या मुळाशी होता कुष्ठरोग. हेमलकशात राबायला आनंदवनातून आलेल्यांत या रोगातून बरी झालेली माणसंही होती. आनंदवनाच्या सुरुवातीच्या काळात अशाच माणसांनी पिकवलेल्या भाजीला वरोऱ्याच्या बाजारात गिऱ्हाईक मिळत नव्हतं. भाजीतून हा रोग होत नाही, हे सांगून पटणारं नव्हतं. आजही ते सगळ्यांना पटलेलं आहे, असं म्हणवत नाही.

सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की हा कातडीचा रोग आहे. चट्टा कातडीवर दिसतो हे खरं, पण खरं नुकसान होतं ते नसांचं. आपल्या नसांवर विजेच्या वायरीसारखं आवरण असतं, त्याचं नाव मायलिन. हातापायांच्या नसांवर हे आवरण ज्या पेशी चढवतात, त्या श्वान पेशी. कुष्ठरोगाचा जंतू नेमका त्यांच्यातच घर करतो. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात, म्हणून कातडीलगतच्या नसा आधी सापडतात: कोपरामागची, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची, घोट्याजवळची, चेहऱ्याची. नस सुजते, जाड होते आणि हळूहळू निकामी होते. आधी गार-गरम कळेनासं होतं, मग टोचलेलं कळत नाही, मग स्नायूंतली ताकद जाते.

‘नसांच्या आवरणाचा रोग’ म्हटलं की शहरातल्या वाचकाला मल्टिपल स्क्लेरोसिस आठवेल. दोन्हींत आवरणाला इजा होते, पण कारण आणि जागा वेगळी. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसेवरच्या मायलिनवर उलटते. बाहेरून लागण होण्याचा प्रश्नच नसतो. नजर अंधूक होते, तोल जातो, न संपणारा थकवा येतो. बहुतेकांत सुरुवात विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते, बायकांत जास्त. लक्षणांचे चढउतार अनेक वर्षं चालतात, आणि हा रोग पुरता बरा करणारं औषध अजून नाही. कुष्ठरोगाचा जंतू मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या आवरणाला हात लावत नाही, आणि त्याला मारणारं औषध गावच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. हातापायांना मुंग्या येतात म्हणून महिनोन्महिने ताकदीच्या गोळ्या खाणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवलेला बरा. मुंग्या मधुमेहाने येतात, जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येतात आणि कुष्ठरोगानेही येतात. तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासणीला यंत्र लागत नाही. डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि चट्ट्यावर बॉलपेनचं टोक अलगद टेकवतात: कुठे लागलं, बोट ठेवून दाखवा. कपाळावर, दंडावर टेकवलं तर बोट बरोबर तिथे जातं. चट्ट्यावर टेकवलं तर रुग्ण वाट बघत बसून राहतो. मग कोपर वाकवून त्यामागची नस चाचपतात. कोपर दाराला आपटलं की जिथून करंकळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही नस. निरोगी माणसात ती बोटाखालून निसटते, इथे दोरीसारखी जाड लागते. कोड म्हणून लपवलेला किंवा नायटा समजून मलम चोळलेला चट्टा इथे ओळखू येतो. कोड दुधासारखं पांढरं असतं आणि त्यावर स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, दुखत नाही. दुखलं नाही म्हणून कुणी दाखवत नाही, यातच घात होतो.

‘बोटं झडतात’ हा दुसरा पक्का समज. जंतू बोटं खात नाही. बधिर हाताने चुलीवरचं भांडं उतरवलं, बोटं भाजली, कळलं नाही. थंडीत शेकोटीजवळ पाय करून झोपलेला माणूस सकाळी फोड बघतो. तेंदूपत्त्याच्या दिवसांत काटा रुततो, रोवणीच्या चिखलात तळवा चिरतो, आणि दुखत नाही म्हणून तोच पाय दिवसभर चालत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड झिजत जातं आणि बोट आखूड होतं. वेल्लोरचे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं. रात्री झोपेत काही रुग्णांची बोटं चक्क उंदीर कुरतडत होते, म्हणून त्यांनी रुग्णांना मांजरं पाळायला दिली. ऐकायला विचित्र, पण उपाय चोख होता. वाकलेली बोटं शस्त्रक्रियेने पुन्हा कामाची करता येतात, तेही काम ब्रँड यांनी वेल्लोरलाच उभं केलं.

म्हणून बधिर पायाला मऊ रबराची एमसीआर चप्पल द्यायची, खिळे ठोकलेली कधीच नाही. तळवे रोज पाण्यात भिजवून त्यांना तेल लावायचं आणि उजेडात निरखायचे. भांडं फडक्याशिवाय धरायचं नाही. पापणी मिटत नसेल तर डोळ्याचीही हीच काळजी, कारण कचरा गेल्याचं तिथेही कळत नाही.

‘शिवलं की होतो’, ‘रक्तातून येतो’, ‘मागच्या जन्मीचं पाप’ ही जुनी त्रयी थोडक्यात निकालात काढता येते. जंतू मुख्यतः नाकातोंडाच्या तुषारांतून पसरतो, तोही उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात. शंभरातल्या सुमारे ९५ जणांची प्रतिकारशक्ती त्याला दाद देत नाही. एका घरात दोघं-तिघं सापडतात ते एका छपराखाली राहिल्यामुळे, आणि लागण होऊन लक्षण दिसायला सरासरी पाच, कधी वीस वर्षंही जातात. आनंदवनाच्या वस्तीतच वाढलेली विकास आणि प्रकाश ही आमट्यांची मुलं पुढे डॉक्टर झाली, हे उदाहरण कुठल्याही पोस्टरपेक्षा बोलकं आहे. कायद्याला मात्र जाग यायला वेळ लागला. रुग्णांना डांबून ठेवणारा १८९८चा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलं नाही ते २०१९पासून.

आता औषधाबद्दल, कारण इथले गैरसमज जास्त महाग पडतात. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही औषधं एकत्र देतात. रोग थोडा असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा. सुरुवातीच्या मात्रांतच रुग्णाकडून लागण होणं थांबतं. पण रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते आणि माणूस घाबरतो. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, आणि लग्नाच्या वयाची मुलगी गोळ्या चुलीत टाकते. दोन्ही गोष्टी तात्पुरत्या आहेत, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

त्याहून अवघड प्रकरण ‘रिअ‍ॅक्शन’चं. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही अचानक चट्टे लाल होऊन सुजतात, नस ठणकते, दोन दिवसांत हाताची पकड जाते. गावात म्हणतात, औषध बाधलं, आणि गोळ्या बंद होतात. खरं तर जंतूंच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्तीच खवळलेली असते. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीत स्टिरॉइड घ्यायचं. ताकद जाऊन सहा महिने उलटायच्या आत ते सुरू झालं, तर नस बरीचशी परत येऊ शकते. उशीर झाला तर जंतू मेलेला असतो आणि हात वाकडाच राहतो. असा माणूस रोगमुक्त असतो, त्याचा हात हातात घ्यायला काहीच हरकत नसते. लोक मात्र वाकडी बोटं बघून त्यालाच टाळतात, आणि पाठीवर चट्टा असलेल्याच्या शेजारी निवांत बसतात.

डिसेंबर २००५मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि ‘निर्मूलन’ जाहीर झालं. त्याचा अर्थ बऱ्याच जणांनी ‘रोग संपला’ असा घेतला. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण अजूनही भारतात सापडतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघर तपासणी चालूच आहे. घरात एकाला निदान झालं की बाकीच्यांनाही कपडे उतरवून, पाठीसकट तपासून घ्यावं. ज्यांच्यात लक्षणं नसतील, त्यांना रिफॅम्पिसिनची एकच प्रतिबंधक मात्रा दिली जाते. लहान मुलांचं वय आणि वजन बघून ती ठरते. आशाताई दारात आली की ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ म्हणून दार लावून घेऊ नये.