सोळा आणे आणि दहा पैसे

मंडळी, संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. हा शेवटचा चार आला कुठून?

आधी साधा कॅल्क्युलेटर घ्या. सांगलीच्या हळदबाजारात काय किंवा घरी काय, आठ अंकी यंत्रावर १ भागिले ३ करा, आणि उत्तराला ३ नं गुणा. स्वस्तातलं यंत्र ०.९९९९९९९ दाखवतं. का? एक तृतीयांश दशमानात संपतच नाही. यंत्रानं त्याची शेपूट कापली. पण ०.१ अधिक ०.२ हाच कॅल्क्युलेटर बिनचूक करतो, कारण बहुतेक कॅल्क्युलेटर दशमानातच मोजतात.

संगणक मोजतो दोनच अंकांत, शून्य आणि एक. त्याला अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा भाग नेमका लिहिता येतो. दहात मात्र पाच दडलेला आहे. म्हणून एक दशांश त्याच्या लिपीत कधीच संपत नाही, आणि तो कुठेतरी कापावा लागतो.

आता जुना रुपया आठवा. सोळा आणे, चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ पासून त्याचे शंभर नवे पैसे झाले. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे घोकलेला साताऱ्याचा जुना दुकानदार जे अपूर्णांक वापरायचा, ते संगणकाला अचूक लिहिता येतात. पै तेवढी अडते; आण्याच्या बारा पै, आणि बारात तीन आहे. नव्या रुपयाचे दहा पैसे मात्र संगणकाला अडतात!

म्हणजे बघा, 'सरळ' आणि 'न संपणारी' हे संख्येचे गुण नव्हेत, ते तिच्या लेखनाचे गुण आहेत. संख्या आणि तिचं लेखन यांची गल्लत झाली, की घोटाळा होतो.

कधी जीवही जातात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पॅट्रियट यंत्रणेचं घड्याळ सुमारे शंभर तास चालू होतं. ते सेकंदाचे दशांश मोजायचं, आणि एक दशांश २४ बिटांत कापलेला होता. फरक साचत साचत सुमारे ०.३४ सेकंदांचा झाला. इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही. अमेरिकेचे २८ सैनिक मेले.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी पतसंस्थेचा हिशेब संगणकावर लिहीत असेल, तर रक्कम रुपयांच्या दशांशांत ठेवू नका, पूर्ण पैशांत ठेवा. व्याजात पैशाचा तुकडा उरणारच. तो कुठे आणि कसा पूर्णांकात आणायचा, हा नियम आधी लिहून ठेवा. नाहीतर तो निर्णय यंत्र तुम्हाला न विचारता घेतं.