उतारावरची विजेची मोटार

फतेगंजातून निघून हालोलमार्गे पावागडच्या माचीपर्यंत गाडी नेणारा जुना बडोदेकर तेथे पोहोचताच प्रथम एक दगड शोधीत असे. चाकामागे दगड ठेवण्याची ही रीत विजेच्या मोटारींनी कालबाह्य केली, असा समज आज आढळतो. हालोलच्या कारखान्यात २०२० पासून एमजीच्या विजेच्या मोटारी तयार होत असल्याने तो समज तपासून पाहणे बडोदेकरांना अगत्याचे आहे.

पेट्रोलची गाडी उतारावर उभी करताना चालक गिअर टाकून ठेवतो. बंद इंजिनाच्या सिलिंडरांत कोंडलेली हवा चाकांना सहज फिरू देत नाही. विजेच्या गाडीत हा आधार नाही. प्रवाह थांबला की तिचे विद्युत् चलित्र जवळजवळ मोकळे होते. यास्तव पुष्कळ गाड्यांत गिअरपेटीतील एका दंडावर दातेरी चाक बसवितात व ‘पी’ निवडताच एक पोलादी खिटी त्याच्या दातांत शिरते. बसलेली खिटी धरून ठेवण्यास वीज लागत नाही, काढण्यास मात्र लागते. काही गाड्यांत अशी खिटी नसतेच. तेथे सारा भार हातब्रेकवर.

खिटीवर येणारा भार थोडाथोडका नसतो. १६०० किलोची गाडी दहास एक अशा उतारावर उभी असेल, तर तिला खाली खेचणारी ओढ सुमारे १६० किलो वजनाइतकी असते. म्हणून आधी हातब्रेक लावावा, मग ‘पी’. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, खिटी चाकांना नव्हे, तर डिफरन्शियलच्या अलीकडील दंडाला अडविते. पंक्चर काढण्यासाठी चालनाचे एक चाक जॅकवर उचलले की ते उलट फिरू शकते आणि जमिनीवरचे जोडचाक गडगडू लागते. ‘पी’ असूनही गाडी निसटते. तेव्हा माचीवरचा तो दगड अजून निवृत्त झालेला नाही!

‘न्यूट्रल’विषयीही असाच गैरसमज आहे. बहुतेक विजेच्या गाड्यांत त्या स्थितीत केवळ प्रवाह थांबतो, चाके चलित्राला जोडलेलीच राहतात. गाडी दोराने ओढली तर कायम चुंबकाचे चलित्र जनित्राप्रमाणे वीज निर्माण करू लागते व नियंत्रक यंत्रणेस अपाय होऊ शकतो. बंद गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी, असे उत्पादक सांगतात ते यासाठीच.

चलित्र खरोखर विलग करणारी योजनाही आहे. किआ ईव्ही६ च्या चारही चाके चालविणाऱ्या प्रकारात गरज नसता पुढचे चलित्र दात्यांच्या जोडणीतून सुटते, त्यामुळे ते व्यर्थ फिरविण्यात जाणारी वीज वाचते. अशी सुटणारी जोडणी ज्या आसावर असेल, तेथे खिटी बसवायची झाल्यास ती चाकांच्या बाजूस असावी लागते. चलित्राच्या बाजूस असेल तर जोडणी सुटताच खिटी चलित्राला अडवील आणि चाके मोकळी राहतील.