‘गोळ्या गरम पडल्या’ म्हणून थांबवू नयेत

कुष्ठरोगाचे उपचार सुरू झाल्यावर बधिर चट्टा एकाएकी लाल होऊन सुजतो, कोपराजवळची नस ठणकते, कधी तापासोबत अंगभर दुखऱ्या गाठी उठतात. याला ‘लेप्रा रिॲक्शन’ म्हणतात. मंद्रूप परिसरासारख्या ग्रामीण भागात यावर ‘गोळ्या गरम पडल्या’ असा निष्कर्ष निघतो आणि पाकीट फळीवर जाते. रुग्णाचे खरे नुकसान तिथून सुरू होते.

गोळ्या मुळात आपले काम चोख करत असतात. रिफाम्पिसीनच्या पहिल्या मात्रेतच बहुतेक जंतू मरतात. पण त्यांचे अवशेष त्वचेत आणि नसांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते, म्हणून सूज येते. अशी रिॲक्शन उपचारांआधी किंवा ते संपल्यावरही येते. ती आली म्हणजे रोग बळावला किंवा संसर्ग वाढला, असे नाही. क्षयरोगातही औषध लागू पडत असताना मानेची गाठ काही काळ वाढू शकते.

‘सूज आपोआप उतरेल’ हा समज सर्वांत महाग पडतो. कोपराच्या आतल्या बाजूची नस दबली की करंगळी वाकू लागते, ज्वारी कापताना विळ्याची मूठ सैल पडते. पायाची नस गेली तर चप्पल निसटून मागे राहते आणि चालणाऱ्याला कळतही नाही. नस दुखली नाही तरी ती निकामी होऊ शकते. सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले तर गेलेली ताकद परतण्याची शक्यता चांगली असते.

अशा वेळी कुष्ठरोगाच्या गोळ्या चालूच ठेवतात. नसेला सूज असेल तर जोडीला प्रेडनिसोलोन देऊन त्याची मात्रा काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. ते दुकानातून परस्पर घेणे किंवा मध्येच तोडणे धोक्याचे आहे.

औषधाची खरी ॲलर्जीही असते. डॅप्सोनमुळे क्वचित ताप, अंगभर पुरळ, कातडी सुटणे, कावीळ अशी लक्षणे दिसतात. तेव्हा मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठावा लागतो. लघवी लालसर होणे (रिफाम्पिसीन) आणि त्वचा काळवंडणे (क्लोफाझिमिन) हे निरुपद्रवी परिणाम आहेत.

सरकारी दवाखान्यांत कुष्ठरोगाची औषधे मोफत मिळतात. चट्टा सुजला, नस दुखली किंवा डोळा लाल झाला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी तिथे जावे.