कोळंबीच्या गोतातलं झुरळ

सोलण्याआधी कोळंबीच्या डोक्याकडं नीट पाहिलं तर मिशांच्या दोन जोड्या दिसतात. एक आखूड, दुसरी अंगाहूनही लांब. झुरळाला एकच जोडी. गोमेलाही एकच. कोळंबी कल्ल्यांनी श्वास घेते, तर झुरळ आणि गोम दोघांच्याही अंगात श्वासनलिकांचं जाळं असतं. दोघांच्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं माल्पिघी नलिका गोळा करतात आणि दोघांच्याही पायांना फाटे नसतात. एवढी साम्यं पाहून झुरळाला गोमेचं भावंड ठरवणाऱ्यांना दोष देता येणार नाही. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ प्राणिशास्त्रज्ञ हेच मानत होते.

ते चुकीचं होतं.

सांधेदार पायांच्या या प्राण्यांची, म्हणजे संधिपादांची, वाटणी पहिल्यापासूनच अवघड. लिनियसनं 1758 मध्ये कीटक, कोळी, विंचू, खेकडे आणि गोमा या सगळ्यांना ‘इन्सेक्टा’ या एकाच वर्गात बसवलं. विसाव्या शतकात ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ सिडनी मँटन यांनी अनेक वर्षं या प्राण्यांचे पाय आणि त्यांची चाल अभ्यासली आणि संधिपादांचा उगम एकाहून अधिक वेळा झाला, असं मांडलं. त्यांची निरीक्षणं आजही मोलाची आहेत. निष्कर्ष मात्र टिकला नाही.

पुरावा मिळाला तो पेशींच्या आत. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत जनुकांचा क्रम सहसा बदलत नाही. जेफ्री बूर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं, की कीटक आणि कवचधारी, म्हणजे कोळंबी-खेकड्यांचा गट, या दोघांतही एका चिमुकल्या जनुकाची जुन्या जागेवरून उचलबांगडी झाली आहे. गोमेच्या गटात आणि कोळ्यांच्या गटात ते मूळ जागीच आहे. नेमकं तेच जनुक उचलून नेमकं त्याच नव्या जागी दोन वेगळ्या वंशांत बसणं जवळजवळ अशक्य. पुढं 2010 मध्ये जेरोम रेगियर यांच्या गटानं 75 संधिपाद प्रजातींची 62 जनुकं ताडून पाहिली. उत्तर तेच आलं: कीटक हे कवचधारींच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहेत.

मग गोमेशी असलेल्या साम्याचं काय? ते जमिनीवरच्या जगण्यानं घडवलं. कोरड्या हवेत श्वास घ्यायचा आणि पाणी वाचवायचं, ही अडचण दोघांपुढं स्वतंत्रपणे आली आणि दोघांनीही सारखीच वाट काढली. श्वासनलिका तर कित्येक कोळ्यांनाही आहेत. कीटकांच्या डोक्यात मिशांच्या दुसऱ्या जोडीचा खंड अजून शिल्लक आहे. गेल्या आहेत त्या फक्त मिशा.

या कहाणीतला सर्वांत विलक्षण प्राणी मात्र बहामा बेटांवरच्या अंधाऱ्या पाण्यातला. ग्रँड बहामावरच्या लुकायन गुहेत 1979 मध्ये बुडी मारणाऱ्या जिल येगर यांना एक फिकट, आंधळा कवचधारी सापडला. लांबुळकं अंग, एकसारख्या खंडांची रांग, प्रत्येक खंडाला पायांची जोडी आणि पाठीवर उताणं पोहण्याची रीत. त्याच्या गटाला नाव मिळालं रेमिपीडिया. त्यातली एक जात विषारी आहे, हेही नंतर उघड झालं. दिसायला थेट पाण्यातली गोमच! पण जनुकांची साक्ष काढली, तेव्हा बहुतेक अभ्यासांत कीटकांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक ठरला तो हाच प्राणी. रूपावर भिस्त ठेवून नाती जोडण्यातला धोका याहून स्पष्ट कुठं दिसणार?

हीच गत वाळवीची. लाकूड खाणाऱ्या क्रिप्टोसर्कस या झुरळाच्या आतड्यातले सूक्ष्मजीव वाळवीच्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांशी जुळतात, हे 1934 मध्येच लक्षात आलं होतं. तरीही वाळवीचा ‘आयसॉप्टेरा’ हा वेगळा गण टिकून राहिला. 2007 मध्ये जनुकीय अभ्यासानं वाळवी म्हणजे वसाहत करून राहणारं झुरळच, यावर शिक्कामोर्तब केलं आणि आता ती झुरळांच्याच गणात मोडते.

आजही अनेक पाठ्यपुस्तकांत कीटक आणि कवचधारी हे दोन समांतर वर्ग म्हणून शिकवले जातात. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्या पानाशी थांबून मुलांना एवढं जरूर सांगावं, की फुलपाखरू, मुंगी आणि झुरळ यांचे पूर्वज कवचधारीच होते.