टाक्याचं ऑपरेशन आणि पुरुषाची सुटका

छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं संततिनियमनाशी असलेलं नातं शहरात फारसं चर्चेत येत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवू लागले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. ते खटला हरले, कर्व्यांना दंड भरावा लागला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी मांडलेल्या संततिनियमनाच्या ठरावामागेही बाबासाहेबच होते. ठराव फेटाळला गेला. बाळंतकळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलांना तो तयारच झाला नसता, असा एक मुद्दा त्या ठरावावरच्या भाषणात होता. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांचा हिशेब तपासायला मला हेच माप योग्य वाटतं. जन्मदर किती घटला, हे सगळेच विचारतात. तो घटवण्याचा भार कुणी उचलला, हे क्वचितच विचारलं जातं.

देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात तेव्हा आरोग्यसेवाच तुटपुंजी होती. आज ‘घाटी’ म्हणून ओळखलं जाणारं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झालं. आज विसरलेली गोष्ट अशी की, सुरुवातीच्या दोन दशकांत देशात ऑपरेशन करून घेणाऱ्यांत पुरुषांचीच संख्या मोठी होती. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण घरोघर पोहोचला, १९६८ मध्ये स्वस्त निरोध आला. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये विधिमंडळात मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही, नाहीतर अशी सक्ती कायद्याने लादणारं पहिलं राज्य म्हणून आपली नोंद झाली असती. १९७७ मध्ये सरकार पडलं आणि पुरुष नसबंदीला जी उतरती कळा लागली ती लागलीच. कार्यक्रम मात्र थांबला नाही. त्याने बाई गाठली. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, शिबिरं भरू लागली, उद्दिष्टांचे आकडे आरोग्यसेविकेच्या वहीत चढू लागले.

सक्तीने दुखावलेला पुरुष मागे हटला, त्यात नवल काय, असं यावर म्हटलं जातं. पहिल्या दहा वर्षांपुरतं ते मान्य करू. पण भीतीचा आदर करायचा, तर तो बाईच्या भीतीचाही करायला हवा होता. छत्तीसगडमधल्या बिलासपूरला २०१४ मध्ये शिबिरातल्या शस्त्रक्रियांनंतर किमान तेरा बायका दगावल्या, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरंच बंद करायला सांगितलं. त्या मृत्यूंनंतर बायकांना ‘घाबरलात तर राहू द्या’ असं कुणी म्हटलं नाही. दुसरा आक्षेप असा की, बाई हे ऑपरेशन स्वतःच्या मर्जीने करते. करते, पण कशातून निवडून? दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्यापुढे बहुधा एकच मार्ग मांडला जातो. तांबी, आठवड्याची गोळी किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन कुणी समजावून सांगितलं तर सांगितलं. बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीत पोट उघडावं लागत नाही, भूल तेवढ्या जागेपुरती असते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणी करून खात्री करायची, की झालं. तरीही ‘अशक्तपणा येतो, जड काम होत नाही’ हा समज खेड्यातही आहे आणि संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांतही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदीचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत होतं. गर्भनिरोधन ही बाईची बाब आहे, असं देशातल्या तिघांपैकी एका पुरुषाने याच पाहणीत सांगितलं.

गर्भधारणा टळली म्हणजे लैंगिक आरोग्य सांभाळलं, हा आणखी एक गैरसमज. नसबंदी संसर्ग रोखत नाही, ते काम निरोधच करतो. लैंगिक संसर्गात नुसत्या बायकोवर उपचार केले आणि नवरा तसाच राहिला, तर तिला तो संसर्ग पुन्हा होतो. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होता, त्याआधी तपासणी झालेल्या मात्र फक्त ८ टक्के. त्यानंतर तीस वर्षांनी, मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत सुमारे १३,८०० जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरं जाणं, पोटदुखी, कामावरचा खाडा या सगळ्यावर एकच इलाज शोधला गेला. स्वच्छतागृह नसलेला फड, ठेकेदाराची घाई आणि पैसे मोजणारं रुग्णालय या साखळीत ‘वैयक्तिक जबाबदारी’ शोधणं म्हणजे सोयीस्कर आंधळेपणा आहे. जबाबदारी व्यक्तीची असतेच, पण ती पेलण्यापुरतं ज्ञान आणि सेवा समाजाने आधी द्यायला हव्यात.

ते ज्ञान द्यायची वेळ आली तेव्हा २००७ मध्ये राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. मुलं बिघडतील, ही भीती पुढे करण्यात आली. इकडे मराठवाड्यात परभणी, बीडसारख्या जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयाच्या दर पाच तरुणींपैकी दोघींहून अधिक जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाल्याचं २०१९-२१ च्या त्याच पाहणीत आढळलं. त्यांना शरीराची माहिती देणं अश्लील ठरतं आणि लग्न लावून देणं संस्कारी.

राज्याचा प्रजननदर १.७ वर आला, मग आता वाद कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की हा आकडा बायकांनी आपल्या पोटावर टाके घालून घेऊन कमावला आहे. पुरुषांचा त्यातला वाटा अगदीच किरकोळ. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते आणि वर मोबदलाही मिळतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर बायकोला ऑपरेशनसाठी नेण्याआधी नवऱ्याने त्या रुग्णालयात स्वतःसाठी चौकशी करावी.